रेंज आली, पुढे काय?

ऑनलाइन शिक्षणाचे समर्थक आणि विरोधक २०२०पासून एकाच गोष्टीवरून भांडत आले: रेंज. विरोधक म्हणायचे, खेड्यात नेटवर्क नाही, घरात फोन एकच आणि तोही सकाळी बापाच्या खिशातून कामावर जातो. समर्थक म्हणायचे, जरा दम धरा, सगळं येईल. तेव्हाचे आकडे विरोधकांच्या बाजूचे होते. ऑगस्ट २०२१मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या गरीब वस्त्यांची पाहणी केली, तेव्हा ग्रामीण भागातली जेमतेम ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण बंद होता.

आता रेंज आली. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. समर्थक विचारतात, आता बोला! प्रश्न रास्त आहे. सगळी भिस्त रेंजवर ठेवून विरोध करणाऱ्यांकडे आज खरोखरच उत्तर उरलेलं नाही. पण त्याच अहवालात पुढे आहे: फोन वापरता येणाऱ्या या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला, तर अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्क्यांनी. याला मुलं बिघडली असं म्हणणं सोपं आहे. मोठ्यांच्या फोनचा हिशेब काढला तर ५७ची बरोबरी होईल का, याची मला शंका आहे.

समर्थकांचा पहिला दावा असा, की देशातला उत्तम शिक्षक आता घरोघरी पोचेल. हे स्वप्न जुनं आहे. १९७५-७६मध्ये अमेरिकेचा उपग्रह वापरून ‘इस्रो’ने सहा राज्यांतल्या २,४०० गावांत शैक्षणिक दूरदर्शन नेलं. १९८४पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर येऊ लागले. उत्तम शिक्षक तेव्हाही पडद्यावर होते, तरी वर्गाची गरज संपली नाही. यावर आणखी शाई खर्च करायला नको.

दुसरा दावा वजनदार आहे. वर्गात चाळीस मुलं एका वेगाने हाकली जातात. पडद्यावर प्रत्येकाला आपल्या गतीने शिकता येतं, शिवाय यंत्र प्रत्येकाची चूक स्वतंत्र ओळखतं. ५२मधून २७ वजा करायला सांगितले की दुसरी-तिसरीतली काही मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा करून मोकळी होतात. बाकांमधून फिरणाऱ्या बाईंना वही उलटी दिसत असली तरी ही चूक कळते. पण ती यंत्रालाही कळते, हे मान्य करायला हवं. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी वजाबाकीतल्या अशा पद्धतशीर चुका हुडकणारी संगणक-प्रणाली १९७८मध्येच मांडली होती. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता तर त्या मुलाला मराठीतून हातचा समजावून सांगेल.

अडचण त्यानंतर आहे. कंटाळलेलं मूल पडदा बंद करतं, आणि पडद्याला त्याच्यामागे जाता येत नाही. बाई बाकाजवळ उभ्या राहतात, दुसरं गणित घालतात, उद्या पुन्हा विचारतात, तीन दिवस आलं नाही तर घरी निरोप धाडतात. हा पाठपुरावा हाच शिक्षणाचा गाभा आहे. एमआयटी-हार्वर्डच्या ‘एडएक्स’वर २०१७-१८मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरे करणारे सुमारे ३ टक्के होते. तिथे तर नावं आपणहून नोंदवली जातात, आणि शिकणाऱ्यांत पदवी गाठीशी असलेली प्रौढ माणसं भरपूर. हातचा न कळलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडून आपण याहून जास्त चिकाटीची अपेक्षा धरतो!

उलट बाजूही पाहा. ‘असर’नुसारच ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०१८मध्ये २०.९ टक्के होती. कोरोनाकाळातल्या शाळाबंदीनंतर, २०२२मध्ये, ती १६.३वर घसरली आणि २०२४मध्ये २३.४वर गेली. ‘निपुण भारत’ या सरकारच्या पायाभूत साक्षरता अभियानाला याचं श्रेय द्यायचं तर अवश्य द्यावं. तेही राबवलं उघडलेल्या शाळांतल्या शिक्षकांनीच.

मग दूरशिक्षण टाकाऊ आहे का? मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. संसारात अडकलेल्या बायका, पाळीवर जाणारे कामगार, शिक्षण अर्धवट सुटलेले कर्मचारी यांच्या हाती त्याने पदवी दिली. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. त्यांच्या विद्यापीठाने विद्यार्थ्याला नुसती पुस्तकांची पार्सलं धाडून वाऱ्यावर सोडलं नाही. स्वतः वाचून समजेल अशी पुस्तकं लिहून घेतली, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं काढली, संपर्कसत्रं ठेवली आणि समोर बसून शंका फेडणारा समंत्रक नेमला. ज्ञानगंगा घरोघरी न्यायची तर वाटेत माणूस लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. पडद्याचं शिक्षण मला हवं आहे ते याच धर्तीवर: शिकणारा प्रौढ असेल तर बिनधास्त, लहान असेल तर शिक्षकाच्या हाताखाली, आणि दोन्ही ठिकाणी शंका फेडणाऱ्या माणसाचं मानधन अंदाजपत्रकात धरून.

तिसरा दावा, ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडतं, हा इथेच कोसळतो. ते स्वस्त पडतं ते हे मानधन वगळलं म्हणून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून घेता येतात. नियमाचा हेतू चांगला आहे. जिथे एखादा विषय शिकवायला कुणीच नाही, तिथल्या विद्यार्थ्याला त्याचा फायदाच होईल. पण आपल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरची मंडळी तुटपुंज्या मानधनावर किल्ला लढवत आहेत. अशा वेळी हे ४० टक्के विद्यार्थ्याची सोय म्हणून वापरले जाणार की भरती टाळायची सबब म्हणून? ज्या महाविद्यालयाला ‘स्वयम्’चे विषय घ्यायचे आहेत, त्याने त्या विषयांच्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला कोण भेटणार, त्याचं नाव आधी वेळापत्रकात छापावं. नाव नसेल तर विद्यापीठाने परवानगी देऊ नये.