मुंबई बंदरावरचा कर आणि आपली पऱ्हाटी

पोस्ट जरा लांब आहे. पण कापूस पेरत असाल, किंवा बाप-आजानं पेरला असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

१८ ऑगस्ट २०२५. पोळा चार दिवसांवर. आपली पऱ्हाटी पाते-फुलावर. त्या दिवशी दिल्लीतून अधिसूचना निघाली: परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ. आपण बैलांची शिंगं रंगवत होतो. मग गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, मुदत वाढली. किती? ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकी आपली वेचणी, आपली दिवाळी आणि आपला माल बाजारात यायचे महिने!

कारण काय सांगितलं? अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापड उद्योग अडचणीत आला, त्याला स्वस्त कापूस पाहिजे. अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. तिरुपूरच्या शिलाई मशीनवर बसलेली बाईसुद्धा आपल्यासारखीच कष्टकरी आहे. पण माझा प्रश्न साधा आहे. कर लावला वॉशिंग्टननं, तोटा झाला निर्यातदाराचा, तर त्याची भरपाई कळंब-राळेगावच्या कास्तकारानं काहून करायची?

हे काही नवीन नाही बाप्पा. आपल्या कापसाचा इतिहासच हा आहे.

१८५३ साली निजाम आणि इंग्रज यांच्यात तह झाला. फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामाच्या डोक्यावर, आणि त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. १९०२ मध्ये पुन्हा करार: वर्षाला २५ लाख रुपये निजामाला, वऱ्हाड कायमचा इंग्रजांकडे. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. या दोन्ही करारांच्या वेळी इथल्या एकाही शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही. त्यांना वऱ्हाडातून काय हवं होतं? काळी जमीन आणि कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. तेजी कमावली मुंबईच्या सट्टेवाल्यांनी, मंदी सोसली गावानं.

पुढे आली शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, छोटी लाईन, आपला कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लावायला. तिचं वाफेचं इंजिनसुद्धा १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेलं. १९९४ पर्यंत ते धावलं. आपण तिच्यावर प्रेम करतो, करावंही. पण ती कुणाच्या सोयीसाठी आली होती ते विसरू नये.

आता बंदरावरच्या कराची गोष्ट. १८७५ मध्ये इंग्रज सरकारनं आयात होणाऱ्या लांब धाग्याच्या कापसावर ५ टक्के कर लावला. वरवर वाटेल, वा, देशी शेतकऱ्याला संरक्षण! छे. मुंबईच्या गिरण्यांनी चांगला कापूस आणून तलम कापड विणू नये, मँचेस्टरशी स्पर्धा करू नये, म्हणून तो कर. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर लावला आणि लगेच देशी गिरणीच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, उत्पादन कर बसवला. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढलं. टिळकांनी ‘केसरी’तून झोड उठवली. तरी तो कर जायला १९२६ साल उजाडलं.

म्हणजे कर लावला तरी दुसऱ्याच्या फायद्यासाठी, आणि काढला तरी दुसऱ्याच्याच. तेव्हा मँचेस्टरवाले ओरडायचे, आज गिरणीवाले आणि निर्यातदार ओरडतात. त्यांच्या संघटना आहेत, दिल्लीत कार्यालयं आहेत. आपल्याकडे काय आहे? बाजार समितीच्या बाहेर रात्रभर उभी राहणारी गाडी.

‘पण हमीभाव आहे ना?’ असं विचारणारे भेटतात. आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलला ८११० रुपये होता. तो पेरणीआधी जाहीर झाला, आपण त्या भरवशावर बियाणं-खत घेतलं, आणि पीक उभं असताना त्याच सरकारनं बंदराचं दार उघडलं. खुल्या बाजारात भाव हमीभावाच्या खाली राहिले. सीसीआयकडे जा, तर ॲपवर नोंदणी करा, सातबारा जोडा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. परतीच्या पावसात भिजलेली बोंडं १२ टक्क्यांत बसवायची कशी, ते कुणी सांगत नाही. ज्याला उधारी फेडायची आहे तो थांबू शकत नाही. तो खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळा होतो.

आणि हे ११ टक्के म्हणजे काय? ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के ‘कृषी पायाभूत सुविधा आणि विकास’ उपकर, वर अधिभार. शेतीच्या नावानं लावलेला उपकर कास्तकाराला न विचारता माफ होतो, यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

मी आयात बंद करा म्हणत नाही. आपल्याकडे कमी पिकणारा अति लांब धाग्याचा कापूस ऑस्ट्रेलियातून करारानं ५१ हजार टनांपर्यंत विनाशुल्क येतो, येऊ द्या. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला, आपलं कापड तिकडे विनाशुल्क जाईल, आनंद आहे. मागणी तीनच:

१. पेरणीनंतर वेचणी संपेपर्यंत कापसाच्या आयात शुल्काला हात लावू नका.
२. बाजारभाव हमीभावाखाली असेल तर शुल्कमाफी आपोआप थांबली पाहिजे.
३. गिरण्यांना मदत द्यायची तर तिजोरीतून द्या, आमच्या भावातून नको.

इंग्रजांनी विचारलं नाही, कारण ते परके होते. आताच्यांना मतं आपण दिली. पुढच्या वेळी गावात सभा होईल तेव्हा रस्ता-नाली विचाराच, पण हेही विचारा: १८ ऑगस्टला तुम्ही कुठं होतात?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण आकड्यानं लिहा.