१२ बाय १०च्या खोलीत गोल्फ

मंडळी, या सदरात आपण माळा, शू-रॅक, बाल्कनीतलं वॉशिंग मशीन असे विषय घेत आलो. या वेळचा प्रश्न माझ्या भाच्याचा. कोजागिरीला आणखी दोन मुलांनी मला कोपऱ्यात घेऊन तोच विचारला, तेव्हा लिहायचं ठरवलं. प्रश्न असा: घरातल्या छोट्या खोलीत गोल्फ सिम्युलेटर बसतो का?

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी. समोर जाड कापडाचा पडदा, वर प्रोजेक्टर, पायाखाली हिरवळीसारखी चटई. तुम्ही खरा चेंडू खऱ्या काठीने मारता. तो पडद्यावर आदळतो आणि शेजारचं एक यंत्र त्याचा वेग, दिशा, फिरकी मोजून पडद्यावर दाखवतं की मैदानात हा चेंडू कुठे पडला असता. दक्षिण कोरियात याची हॉलच्या हॉल चालतात. २०२५ च्या जानेवारीत टायगर वुड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांनी फ्लोरिडात बंद स्टेडियममधली स्पर्धाच सुरू केली. तिथला पडदा ६४ फूट रुंद आणि ५३ फूट उंच. म्हणजे आपल्या सोसायटीची पाच मजली विंग झाली!

आपल्या गावाला गोल्फ परका नाही. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातलं गोल्फचं मैदान १९३०च्या दशकात प्रतापसिंहरावांनी युरोपीय पाहुण्यांसाठी करवलं. १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी ते नव्याने तयार करून बाहेरच्या खेळाडूंना खुलं केलं. ते स्वतः बडोद्याकडून रणजी खेळलेले. आणि खेळ छताखाली आणायची हौस म्हणाल, तर मोतीबागेत सागवानी लाकडाच्या जमिनीचं बंदिस्त टेनिस कोर्ट आहेच. फरक एवढाच की राजवाड्यात आधी खेळ ठरला आणि मग त्याच्या मापाने छत घातलं. आपल्याकडे छत बिल्डरने आधीच घातलेलं असतं.

भाचा भायलीकडे चौथ्या मजल्यावर राहतो. नोकरी, चार वर्षांची मुलगी, रविवारी निम्मा दिवस भाजी आणि दुरुस्त्यांत. मैदानावर जाणं महिन्यातून एकदा झालं तरी नशीब. रात्री पोर झोपल्यावर तासभर खेळावं, एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते मला रास्त वाटलं. त्याने सव्वादोन लाखांचं कोटेशन पाठवलं आणि खाली लिहिलं, "मामा, फक्त खोली बघून हो म्हण." खोली १२ बाय १०. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत ती त्याच्या आजीची, म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाईंची. काकू नागपूरहून थंडीत येतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात, आणि बाथरूमला लागून असलेली ही एकच खोली.

मी टेप घेऊन गेलो. कोटेशनमध्ये लांबी-रुंदी होती, उंची नव्हती. नेमकी तीच आधी बघायची. आपल्या फ्लॅटमध्ये स्लॅबपासून स्लॅबपर्यंत साधारण १० फूट असतात. त्यातून वरचा ५ इंचांचा स्लॅब, खालची फरशी आणि तिच्याखालचा थर, प्लास्टर हे गेलं की हातात सव्वानऊ फूट उरतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट उंची सांगितली आहे, त्यामुळे बिल्डरनेही काही चुकीचं केलेलं नाही. राहायला ही उंची भरपूर आहे. पण ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब काठी, पावणेचार फुटांची असते आणि ती डोक्यावरून फिरते. सिम्युलेटरवाले किमान ९ फूट सांगतात, मोकळेपणाने खेळायला १०. त्यात आपला पंखा! पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली. तो काढायचाच, आणि काढला तर वडोदऱ्याच्या मे महिन्यात एसीशिवाय त्या खोलीत दहा मिनिटं उभं राहून दाखवा. एसीसुद्धा चेंडूच्या वाटेवरच्या भिंतीला चालत नाही. शिवाय बीम. त्याच्या खोलीत एका बाजूने बीम स्लॅबच्या खाली पाऊण फूट उतरलेला आहे.

"मग मी ड्रायव्हर नाही मारत, छोट्या काठ्याच मारीन," असं तो म्हणाला. तिघांपैकी तिघेही हेच म्हणाले, म्हणून सांगतो. छोट्या काठीचा फेरा लहान असतो खरा, पण ती जास्त उभी फिरते. त्यामुळे वरच्या टोकाला वाटते तेवढी बचत होत नाही. अंदाज करण्यापेक्षा मोजावं. आम्ही गच्चीवर गेलो. जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर खडूने ८, ९ आणि १० फुटांच्या रेघा मारल्या, तो भिंतीपासून सुरक्षित अंतरावर उभा राहिला आणि मी त्याच उंचीवरून, लांबून मोबाईलवर हळू गतीचं चित्रण केलं. पाच फूट अकरा इंचांचा मुलगा. ड्रायव्हरचं टोक ९ फूट १ इंचापर्यंत गेलं, सात नंबरच्या आयर्नचं फक्त तीन इंच कमी. आता चटईची जाडी दीड इंच, म्हणजे तो तेवढा वर उभा राहणार. ड्रायव्हरला छताखाली अर्धा इंच शिल्लक. कागदावर बसतंय, नाही का? व्हिडिओ बघून तो खूश झाला होता.

पण अर्ध्या इंचावर माणूस खेळत नाही. मी त्याला खोलीत नेऊन, काठीच्या टोकाला टॉवेल गुंडाळून, सावकाश दहा फेरे मारायला लावले. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यालाच त्याचे हात आखडले, गुडघे जास्त वाकले. छत लागलं नाही, पण ते वर आहे हे अंगाला कळलं. अशा खोलीत रोज तासभर सराव केला की अंगात वाकडी सवय मुरते, आणि ती घेऊन तुम्ही मैदानावर जाता. खर्च करून खेळ बिघडवून घ्यायचा, हा माझा पहिला आक्षेप. कुणाच्याही घरी उंची कमी असेल, तर मी एवढं एकच बघायला सांगेन. टॉवेल लावून दहा फेरे, बाकी कोटेशन नंतर.

लांबीचा हिशोब लवकर संपला. पडदा भिंतीपासून फूटभर पुढे हवा, नाहीतर चेंडू कापडासकट भिंतीवर आपटतो. पडद्यापासून चेंडू किमान ८ फूट, कारण ४६ ग्रॅमचा हा टणक चेंडू ताशी २०० किलोमीटरच्या वर सुटतो आणि जवळ असला तर तसाच परत अंगावर येतो. चेंडूच्या मागे काठी आडवी जाते तिला ६ फूट. एकूण १५; खोली १२. रडारवर चालणारं यंत्र तर आणखी मागे ठेवावं लागतं. कॅमेऱ्याचं यंत्र चेंडूच्या शेजारीच बसतं, त्यामुळे छोट्या खोलीला तेच बरं, पण काठीचे ६ फूट काही वाचत नाहीत. भाच्याने हुशारी केली, "मामा, कर्णावर लावू या, साडेपंधरा फूट मिळतात." मिळतात, पण खेळणारा कोपऱ्यात जातो. दोन्ही भिंती त्याच्या अंगावर येतात आणि काठी भिंतीला लागते. आणि रुंदी १० फूट एका उजव्या हाताच्या माणसाला जेमतेम पुरते. सूनबाई डावखुऱ्या आहेत. दोघांनी खेळायचं तर चौदा-पंधरा फूट लागतील. हे ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझं नाव फक्त कोटेशनला होतं."

आता ज्यासाठी मी मान हलवली नाही, ते दार. त्या खोलीचं दार आत उघडतं, आणि उघडतं ते नेमकं खेळणाऱ्याच्या पाठीमागे, काठीच्या फेऱ्यात. खेळताना नजर चेंडूवर असते, मागचं दिसत नाही. आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे, जिला झोपेतून उठल्यावर बाबा कुठे आहे ते आधी बघायचं असतं. आतून कडी लावीन म्हणाला. मी म्हटलं, रोज लावशील, एक दिवस विसरशील. दार बाहेर उघडणारं करावं तर ते बाथरूमच्या दारावर आपटतं. तुमच्याकडे लहान मूल असेल आणि खेळणाऱ्याला दार समोर दिसत नसेल, तर बाकीची मापं जुळली तरी मी त्या खोलीला नाहीच म्हणेन.

दुसरी गोष्ट ती चटई. पाच बाय पाच फुटांची, जड, रोज उचलून ठेवण्यातली नाही. दीड इंच म्हणजे काही नाही असं आपल्याला वाटतं. रात्री दोन वाजता, चष्म्याशिवाय, वॉकरचा पाय त्या कडेला अडला की ते दीड इंच केवढे होतात, ते म्हातारं माणूस घरी असलेल्यांना सांगायला नको. "आजी चारच महिने तर असते," असं भाचा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच स्वतः थांबला.

आवाजाचंही सांगून टाकतो. पडद्यावरची थाप घरातल्यांना ऐकू येते, पण काठी चटईवर आपटते तो दणका स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. खाली जाड रबर घालून तो कमी होतो, बंद होत नाही. रात्री साडेदहाला खालचे काका वर आले की त्यांना गोल्फ समजावत बसावं लागेल.

मग करायचं काय? टेनामेंट किंवा ड्युप्लेक्स असेल आणि पुढे झाकलेलं पार्किंग साडेदहा फूट उंच असेल, तर तिथे जाळी, पडदा आणि बाजूला शेजाऱ्यांच्या काचा वाचतील अशा आडव्या जाळ्या लावून काम होईल. चेंडू तिरका सुटतो तेव्हा तो समोर जातच नाही, म्हणून बाजूच्या जाळ्या टाळू नका. गच्चीवर पत्र्याची शेड घालायचं म्हणत असाल तर आधी सोसायटीला आणि महापालिकेला विचारा, आणि उत्तरायणाच्या दोन दिवसांत तिथे तुमचं काही चालणार नाही हे धरून चाला.

फ्लॅटवाल्यांना मात्र मी पटिंग सुचवतो, म्हणजे हिरवळीवरचा तो हळुवार शेवटचा टोला. गोल्फमध्ये प्रत्येक खड्ड्याचं 'पार' ठरवताना त्यातले दोन टोले पटिंगचे धरतात. १८ खड्ड्यांच्या, पार ७२ च्या मैदानावर ते ३६ झाले, म्हणजे बरोबर निम्मे. लोक दीड-दोन लाख घालतात ते उरलेल्या निम्म्यासाठी. पटिंगला उंची लागत नाही, काठी गुडघ्याच्या वर फारशी जात नाही, आवाज नाही, पंखा चालू ठेवता येतो. ११ फुटांची पातळ पट्टी भिंतीलगत पसरायची आणि झाल्यावर गुंडाळून कपाटामागे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा गोल्फ बघितला. आठवत असेल तर बघा, तिने लांब मारणाऱ्यांना शेवटपर्यंत दमवलं ते पटिंगच्या जोरावर.

भाच्याने पट्टी घेतली. लांब टोल्यांसाठी महिन्यातले दोन रविवार पहाटे मैदानावर, हे सूनबाईंनी मंजूर केलंय. त्या बदल्यात शनिवारची भाजी त्याची. काकू धनत्रयोदशीच्या आधी आल्या. पट्टी बघून त्यांनी आधी विचारलं की ही रात्री उचलणार ना. मग पलंगावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "हळू मार रे, भिंतीला लागतोय."