बाबांचा साइड व्ह्यू

मागच्या लेखात ‘बाबांचं डोकं करायला घेतलंय’ एवढं लिहून मी मोकळी झाले होते. त्यानंतर हळदीकुंकवाला दोघीतिघींनी विचारलं, “झालं का गं काकांचं डोकं?” नाही झालं. पण कुठे अडलं ते आज सांगते. तुमच्यापैकी जी मुलंमुली हे शिकताहेत, ती बहुतेक तिथेच कुठेतरी अडली असणार.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी सत्तेचाळीस वर्षांची. दिवसा हिशेबाची नोकरी, आणि रात्री जेवणं उरकली की साकेत नगरच्या आमच्या घरात त्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि पेन-टॅब्लेट. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूर्ती घडवायची, म्हणजे पडद्यावरच्या मातीला पेनाने दाबायचं, ओढायचं, खरवडायचं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. २००२ साली ते बंद पडायला आलं असताना वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं. आपल्या गणेशोत्सव मंडळांना हेवा वाटावा अशी वर्गणी! २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला ‘फ्लो’ हा मांजराचा ॲनिमेशनपट याच ब्लेंडरमध्ये केलेला आहे. तेव्हा ‘फुकट आहे म्हणून जमत नाही’ ही सबब पहिल्याच दिवशी संपली.

तर डोकं. तीन आठवडे रोज तासभर बसून मी बाबांचा चेहरा केला. समोरून बघितलं तर बऱ्यापैकी बाबाच. चष्म्याची खूण, कपाळावरच्या आठ्या, सगळं. आठ्या करताना तर मला फारच मजा आली, कारण जाळी भरपूर बारीक केली होती. ही जाळी प्रत्येक वेळी चौपट होते. सहा बाजूंचा साधा ठोकळा आठ वेळा विभागला की ३,९३,२१६ तुकडे होतात. माझ्या लॅपटॉपचा पंखा तेव्हा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो.

मोठ्या उत्साहाने बाबांना दाखवलं. बाबा भेलमध्ये ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, अमोनिया प्रिंट यांत त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हं. साइड व्ह्यू दाखव.”

मी मॉडेल फिरवलं. मंडळी, काय सांगू! बाजूने ते डोकं नव्हतंच. पराती​ला नाक चिकटवलेलं होतं. कान जवळजवळ गालावर आलेले, डोळे भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखे सपाट, आणि मागची कवटी गायब. मेंदू ठेवायला जागाच नाही.

“प्लॅन?” बाबांनी विचारलं. म्हणजे वरून. वरून तर बघवेना.

“एका व्ह्यूवर पार्ट बनवायला पाठवला असता ना, तर वर्कशॉपवाल्यांनी मला बोर्डासकट बाहेर काढलं असतं,” एवढं बोलून बाबा चहा प्यायला गेले.

मला रागच आला. पण मग लक्षात आलं, तीन आठवड्यांत मी मॉडेल फिरवलंच नव्हतं. समोर एक फोटो ठेवला होता आणि त्याबरहुकूम समोरून कोरत होते. तो फोटोही हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेला. इतक्या जवळून नाक फुगतं आणि कान मागे दडतात. म्हणजे मूळच चुकीचं.

दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं. आठ्यांसकट. जीव तुटला. मग बाबांना खिडकीशी बसवून अडीच-तीन मीटर लांबून थोडं झूम करून फोटो काढले: समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून. वरूनही, स्टुलावर चढून. आणि पडद्याला हात लावण्याआधी आठवडाभर फक्त पेन्सिल. रोज एक पान, रोज तोच साइड व्ह्यू.

कागदावर काढायला लागलं की किती खोटं आपण खरं धरून चाललेलो असतो ते कळतं. डोळे डोक्याच्या वरच्या भागात नसतात, उंचीच्या साधारण मध्यावर असतात. कान बाजूने बघितलं तर मध्यरेषेच्या मागे असतो. आणि कपाळापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी डोक्याच्या उंचीपेक्षा फार कमी नसते. हे प्रत्येक पुस्तकात असतं, मीही वाचलं होतं. हाताला माहीत नव्हतं, एवढंच.

आपल्याकडचा याचा मोठा नमुना म्हणजे विष्णू श्रीधर वाकणकर. नीमचला जन्मलेला, उज्जैनला राहिलेला आपला मराठी माणूस. १९५७ साली रेल्वेतून जाताना दिसलेले खडक बघायला ते गेले आणि भीमबेटका जगासमोर आलं. इथून जेमतेम ४५ किलोमीटर. ते स्वतः चित्रकार होते आणि गुहांमधली चित्रं हाताने उतरवून घेत. परवाच्या रविवारी मीही वही घेऊन तिथे गेले. तिथल्या एका खडकावर इतकी जनावरं आहेत की त्याला ‘झू रॉक’च म्हणतात, आणि एका काळातल्या चित्रावर दुसऱ्या काळातल्यांनी सरळ आपलं चित्र काढलंय. माझ्या डाव्या हाताचं बोट कायम ‘कंट्रोल-झेड’वर असतं. ते तिथे उगाच वहीच्या कडेवर आपटत होतं. (वही घेऊन जाच, पण भिंतींना हात लावू नका.)

आता नवं डोकं उभं राहतंय. जाळी मुद्दाम जाडीभरडी ठेवलीय, म्हणजे आठ्या करण्याचा मोह होत नाही. दर पाच मिनिटांनी फिरवायचं हा नियम. एक गोष्ट मात्र सगळे व्ह्यू जुळल्यावरही बिनसलेली होती: चेहरा बाबांचा, पण बाबा त्यात नाहीत. ब्लेंडरमध्ये एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप होतं. काम निम्मं होतं, सुरुवातीला ते सुरूच ठेवावं. पण बाबांचं नाक थोडं डावीकडे झुकलेलं आहे, उजवी भुवई वर चढलेली. आरसा बंद केला, भुवई जराशी उचलली, आणि पडद्यावरून बाबांनी माझ्याकडे ‘साइड व्ह्यू दाखव’ अशा नजरेने बघितलं.

हे काम बाबा समोर बसलेले असताना चाललं होतं. आता ते रोज अर्धा तास बसतात, पेपर वाचत. आमच्यात एक जुनी गोष्ट आहे. बारावीनंतर मला इंदूरला चित्रकला शिकायला जायचं होतं. देवळालीकर मास्तरांनी सुरू केलेली, बेंद्रे आणि हुसेन जिथे शिकले ती शाळा. फॉर्म आणला होता. बाबा नाही म्हणाले, मी बी.कॉम. झाले, विषय संपला. एकोणतीस वर्षांत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नव्हतो.

त्या दिवशी पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, “तेव्हा तुझी चित्रं मी बघितलीच नव्हती. फॉर्मच बघितला. फी बघितली.”

मी काही बोलले नाही. नाकाचं काम चाललं होतं, तेच करत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “ती वही दे इकडे. पेन्सिलची.” आणि सातही पानं बघितली. सावकाश, एकेक. तिसऱ्या पानावर थांबून म्हणाले, “इथे हनुवटी बरोबर आलीय. पुढे परत बिघडवलीस.”

बरोबर होतं त्यांचं. मी तिसरं पान समोर लावून हनुवटी दुरुस्त केली.

कान अजून बाकी आहे. कान म्हणजे जिलबी आहे नुसती, त्यावर पुढच्या वेळी लिहीन. तोवर तुम्ही काय करताय ते कळवा, आणि पाठवाल तेव्हा निदान तीन बाजूंनी पाठवा. आमच्या घरी आता समोरच्या व्ह्यूवर कोणी मत देत नाही.

आणि हो, शनिवारी बाबा केस कापून आले. मागची कवटी आत्ता कुठे नीट दिसतेय, ती मी दीड सेंटिमीटर जास्तच दिली होती.