कबुलीजबाबांचें पीक

खुनाच्या रहस्यकथेचें कथानक रचण्याची जी एक तऱ्हा मराठींत रूढ होऊन बसली आहे, तिच्याविरुद्ध तक्रार नोंदविण्यासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे. तऱ्हा अशी कीं, एक मुर्दा पडावयाचा, पांचसहा संशयित गोळा व्हावयाचे, आणि त्यांतील तिघांचौघांनीं एकामागून एक पुढें येऊन "खून मींच केला" म्हणून सांगावयाचें. पहिल्या कबुलीनें वाचक चमकतो, दुसरीनें गोंधळतो, आणि तिसरीनें त्याला वाटूं लागतें कीं आपण कांहीं तरी फार खोल वाचीत आहोंत. शेवटच्या प्रकरणांत हेरमहाशय सर्वांस दिवाणखान्यांत जमवितात, या साऱ्या कबुल्या प्रेमापोटीं दिलेल्या व खोट्या होत्या असें जाहीर करतात, आणि कोपऱ्यांतील न बोलणाऱ्या इसमाकडे बोट दाखवून मोकळे होतात. आमचें म्हणणें असें कीं, ही तऱ्हा आळसाची आहे. आणि ज्या मुलखांत ती अलीकडे नेऊन बसविली जाते, त्या मुलखापुरती तर ती अन्यायाचीहि आहे.

आमच्या महाविद्यालयांतील होतकरू लेखक आपलीं हस्तलिखितें अधूनमधून आम्हांस दाखवितात, आणि त्यांत मोहर्ली हें गांव आम्हांस वारंवार भेटतें. चंद्रपुराहून पंचवीस-तीस किलोमीटरांवर, इरई धरणाच्या फुगवट्याच्या कांठीं वसलेलें, ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या दारावरचें हें गांव. कथेंत मात्र एक विश्रामगृह, मुसळधार पाऊस, गेलेली वीज, बाहेर वाघाची डरकाळी व आंत मरून पडलेला मुंबईचा कारखानदार, एवढ्यावर मोहर्ली संपते. मुसळधार पावसाच्या महिन्यांत प्रकल्पाचा गाभा प्रवाशांस बंद असतो, हें लेखकाच्या गांवींहि नसतें. जंगलांत जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद दारावर होते, गाडीबरोबर वाटाड्या घ्यावा लागतो, वाटेंत मन मानेल तेथें खालीं उतरण्याची मुभा नसते. म्हणजे ज्या बंदिस्त रंगमंचासाठीं विलायती लेखकाला बर्फांत अडकलेली आगगाडी किंवा एकाकी बेट शोधावें लागलें, तो येथें वनखात्यानें आयताच उभारून ठेविला आहे. शिवाय वाघांच्या गणतीकरितां झाडांस बांधलेले स्वयंचलित कॅमेरे आहेत. त्यांच्यासमोरून मध्यरात्रीं माणूस गेला तर तोहि टिपला जातो. कबुली न देणारा आणि जबानी न फिरविणारा असा हा साक्षीदार आमच्या एकाहि लेखकास सुचूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

परंतु देखाव्याच्या चुका आम्हीं सोडून दिल्या असत्या. न सोडण्याजोगी गोष्ट पुढें आहे. चौथ्या प्रकरणाच्या सुमारास विश्रामगृहाचा गोंड खानसामा "साहेब, मीच मारलं" म्हणून हेराच्या पायांवर लोळण घेतो. हेर मंद हंसतो. भोळा आदिवासी, मालकिणीच्या मिठाला जागला, असा त्या कबुलीचा एका वाक्यांत निकाल लागतो आणि कथा पुन्हां मुंबईकर मंडळींकडे वळते. त्या माणसानें असें कां म्हटलें, त्याला कोणीं काय सांगितलें होतें, रात्रभर त्याला कोठें बसवून ठेविलें होतें, फांसाची भीति त्याला वाटली नाहीं ती कां, यांपैकीं एकहि प्रश्न लेखकाला पडत नाहीं. कारखानदाराच्या पुतण्याच्या कबुलीला मात्र बालपणापासूनचीं कारणें मिळतात.

या मुलखाच्या पूर्वेस लागलेल्या बस्तरांतील माडिया लोकांत झालेल्या १०० खुनांचा अभ्यास व्हेरिअर एल्विन यांनीं १९४३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. लपवाछपवी न करतां गुन्हा सरळ कबूल करणारे आरोपी त्यांत भेटतात. ज्याला कोर्टाची भाषा येत नाहीं, वकील ठाऊक नाहीं, आणि खोटें बोलण्यापेक्षां शिक्षा भोगणें बरें वाटतें, अशा माणसाची कबुली खरीहि असूं शकते, आणि दुसऱ्यानें त्याच्या तोंडीं घातलेलीहि असूं शकते. बाहेरून पाहतां दोहोंचा चेहरा एकच. सबंध कथा उभी राहील एवढें रहस्य या एका जागीं आहे, आणि आमचे लेखक तेवढीच जागा वगळून पुढें जातात.

यावर आम्हांस उत्तर ठरलेलें मिळतें. रहस्यकथा हा बुद्धीचा खेळ आहे, त्यांत कायदा आणि समाजशास्त्र कशाला आणतां? झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथा लिहून बाबूराव अर्नाळकरांनीं हजारावर पुस्तकें मराठी वाचकांच्या हातीं दिलीं, तीं काय पिनल कोड उघडून? ठीक. अर्नाळकरांचा वाचक धांव पाहावयास बसत असे, आणि धांव त्याला पुरेपूर मिळे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण ज्यानें चार कबुल्यांचा डाव मांडला, त्यानें धांवेचा खेळ सोडून पुराव्याचा खेळ पत्करला आहे. मग त्या खेळाचे नियम त्याला पाळलेच पाहिजेत.

नियम कांहीं अवघड नाहींत. कबुली कोणापुढें दिली, हा पहिला प्रश्न. पोलीस अंमलदारापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें पंचविसावें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या तेविसाव्या कलमांतहि तें कायम आहे. कोठडींतील आरोपीच्या सांगण्यावरून पुरलेली कुऱ्हाड किंवा विहिरींत टाकलेली तार सांपडली, तर त्या शोधापुरतें त्याचें बोलणें पुराव्यांत येतें, एवढाच अपवाद. मॅजिस्ट्रेटापुढील कबुली निराळी. तेथें प्रथम आरोपीला सांगावें लागतें कीं कबुली देण्यास तूं बांधलेला नाहींस, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. त्यावर विचार करावयास त्याला वेळ देण्याची पद्धत आहे. ही विचाराची रात्र म्हणजे केवढें प्रकरण! तीन माणसें, तिघांनींहि "मींच" असें सांगितलेलें, आणि उद्यां सकाळीं मॅजिस्ट्रेटापुढें तेंच म्हणावयाचें कीं नाहीं हें प्रत्येकानें एकट्यानें ठरवावयाचें. आमच्या वाचनांत आलेल्या एकाहि मराठी रहस्यकथेंत ही रात्र नाहीं. सर्व कबुल्या हेरापुढें चहाच्या पेल्याबरोबर होतात.

मोहर्लीला आणखी एक खुबी आहे, जी पुण्याच्या वाड्यांत सांपडणार नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणें सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास पुरावा नोंदवितां येतो, आणि आरोपीच्या समक्ष नोंदविलेला असा पुरावा पुढें मॅजिस्ट्रेटाच्या कोर्टांत ग्राह्य ठरतो. म्हणजे त्याच शिवारांत, त्याच दिवशीं, त्याच माणसानें माणूस मारल्याचें फौजदाराला सांगितलें आणि वाघ मारल्याचें वनाधिकाऱ्याला सांगितलें, तर पहिलें बोलणें कोर्टाच्या दाराशींच अडतें व दुसरें आंत जाऊं शकतें. या एका विसंगतीवर कथानक उभारणारा लेखक आम्हांस भेटला तर आम्ही त्याची पाठ थोपटूं.

कबुलीचें कारण हा दुसरा प्रश्न, आणि येथें जगांतील चांगल्या लेखकांनीं काय केलें तें पाहण्याजोगें आहे. अगाथा क्रिस्टीबाईंच्या १९३० च्या 'मर्डर ॲट द व्हिकारेज'मध्यें दोन प्रेमी जीव एकामागून एक खुनाची कबुली देतात. दोन्ही कबुल्या खोट्या ठरतात, दोघेहि संशयांतून सुटतात, आणि शेवटीं खुनी तेच निघतात. तेथें कबुली हें वाचकाच्या डोळ्यांत टाकलेली धूळ नसून खुन्याच्या हातांतील हत्यार आहे. अकुतागावा या जपानी लेखकाच्या १९२२ च्या कथेंत, जिच्यावरून पुढें १९५० सालीं कुरोसावानें 'राशोमोन' काढला, दरोडेखोर म्हणतो मीं मारलें, बायको म्हणते मीं मारलें, आणि मेलेल्या नवऱ्याचा आत्मा म्हणतो मीं स्वतःच जीव दिला. कोणी कोणाला वांचवीत नाहीं. प्रत्येकाला आपली अब्रू आपल्या परीनें राखावयाची आहे. आणि आपला चारुदत्त? देवलांच्या 'मृच्छकटिका'मुळें तो मराठी घरांत सर्वांच्या ओळखीचा. मुळांत शूद्रकाचा हा चारुदत्त वसंतसेनेचा खून झाला असें समजून जगण्याला विटतो, न्यायासनापुढें अर्धीमुर्धी कबुली उच्चारतो, उरलेली पुरी करावयाचें शकारावर सोपवितो. आणि वसंतसेना तर जिवंत आहे! न झालेल्या खुनाची, न केलेल्या माणसानें, दुःखापोटीं दिलेली ही कबुली ज्या परंपरेंत आहे, तिच्या वारसांनीं "प्रेमापोटीं" या एका शब्दावर चार चार कबुल्या निकालांत काढाव्या?

तिसरा प्रश्न मांडणीचा, आणि तो आमच्याच विदर्भानें सोडविलेला आहे. गोंदिया त्या वेळीं मध्यप्रदेशांत होतें. तेथील एका पांच वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला १९५२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. एका आरोपीनें कबुली देतांना दुसऱ्यालाहि गुंतविलें होतें. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस पूर्वीं नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनीं घालून दिलेली रीत अशी: सहआरोपीची कबुली आधीं बाजूला ठेवावी, तिच्यावांचून उरलेला पुरावा रचून पाहावा, तेवढ्यानें गुन्हा शाबीत होत असेल तर कबुलीची गरजच नाहीं, आणि पुरावा विश्वसनीय असूनहि न्यायाधीशाचें मन कचरत असेल, तर मात्र खात्रीपुरता कबुलीचा आधार घ्यावा. या रीतीनें तपासतां तो दुसरा आरोपी खुनाच्या आरोपांतून सुटला. पुरावा नाहींसा करण्यास हातभार लावल्याबद्दल तेवढी त्याला शिक्षा झाली. एका अजाण मुलाच्या मृत्यूनें चिडलेल्या गांवाला ती थोडी वाटली असेल.

बहुकबुलीच्या कथेचा आराखडा नेमका असाच करावा, असें आमचें आग्रहाचें म्हणणें आहे. कबुल्या अखेरीस लिहाव्या. आधीं तें प्रेत, ती रात्र, तें शिवार, कोण कोठें होतें, हें सर्व कबुलीवांचून जुळवावें. मग एकेका कबुलीला विचारावें कीं तुला यांतील काय ठाऊक आहे, आणि काय ठाऊक असावयास नको होतें.

नुसता उपदेश करून थांबणें बरें दिसणार नाहीं, म्हणून एक कच्चा आराखडा आम्हीच देतों. ज्याला हवा त्यानें उचलावा. मोहर्लीनजीकचें प्रकल्पाला लागून असलेलें शेत. रानडुकरांसाठीं विजेच्या लाइनीवर आंकडा टाकून जिवंत तार सोडण्याचा घातक व बेकायदा प्रकार या भागांत घडतो, आणि तिच्यावर वाघहि मेले आहेत. कथेंतल्या सकाळीं धानाच्या बांधावर दोन प्रेतें आहेत: एक वाघीण, आणि तिच्यापासून वीस पावलांवर जमिनींचे सौदे करणारा एक दलाल. तार जागेवर नाहीं. म्हातारा शेतकरी म्हणतो, तार मीं लावली. त्याचा मुलगा, जो प्रकल्पाच्या दारावर वाटाड्या आहे, म्हणतो, मीं लावली. सून म्हणते, दोघेहि खोटे बोलतात. म्हाताऱ्याची कबुली खोटी नाहीं. कित्येक वर्षें तोच तार लावीत आला असल्यामुळें आपल्याच तारेनें माणूस मेला असें तो मनापासून समजतो. मुलाला बापाचा तुरुंगांतला मृत्यु दिसतो आहे. सुनेला, त्या रात्रीं आपण शेताकडे कशाला गेलों, हा एक प्रश्न टाळावयाचा आहे, आणि त्यासाठीं तिला खूनहि पत्करतो.

आतां पुरावा. शेतीची वीज पाळीनें येते. त्या रात्रीं ती किती वाजतां आली याची नोंद उपकेंद्रांत आहे. म्हातारा म्हणतो दलाल नऊ वाजतां पडला, आणि वीज आली साडेअकराला. वाघिणीबद्दल त्यानें सहायक वनसंरक्षकापुढें जें सांगितलें त्यांत आंकडा विहिरीजवळच्या खांबावर आहे. दलालाबद्दल फौजदाराला सांगतांना तोच आंकडा नाल्यापलीकडच्या खांबावर गेला. मुलाला खांब बरोबर ठाऊक आहे, पण त्या रात्रीं तो पाण्याच्या कांठावरील कॅमेऱ्यांत दिसतो. सुनेला वीज येण्याची वेळ मिनिटासुद्धां ठाऊक आहे. आणि पहाट होण्यापूर्वीं तार गुंडाळून कोणीं नेली, हें तिघांपैकीं एकानेंहि सांगितलेलें नाहीं. मॅजिस्ट्रेटापुढें जाण्यास त्यांना अजून एक रात्र आहे.