पावसाळ्यातली होळी

मंगळवारी सकाळी आमच्या ग्रुपवर सूचना आली : सर्वांच्या सोयीसाठी यापुढे मेसेज इंग्रजीतच टाकावेत. नदीकाठी मळे आणि जयसिंगपुरात राहणं, अशा घरांचा हा ग्रुप. निम्म्या घरांत कानडी बोलतात, उंबऱ्याबाहेर मराठी. पाणी कुठवर आलं एवढं एकमेकांना कळावं म्हणून २०१९ च्या पुरानंतर तो काढला. कानडी लिपी मराठी लोकांना वाचता येत नाही, यावरून गेल्या आठवड्यात शब्दाला शब्द लागला आणि त्यावर हा तोडगा निघाला.

मला तो मान्य नाही. त्याच दुपारी पहिला इंग्रजी मेसेज पडला, कोयनेचा डिस्चार्ज वाढवला म्हणून. शेजारच्या काकींचा मला फोन. "कुणाला डिस्चार्ज दिला, दादा? कोण होतं दवाखान्यात?" काकींची यात काहीच चूक नाही. हा शब्द त्यांना दवाखान्यातच भेटला आहे. 'धरणातनं पाणी सोडलंय' एवढं कुणी लिहिलं असतं, तर फोन करण्याआधी त्यांनी नदीवरची मोटर वर काढायला माणूस धाडला असता.

माझं आजोळ चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी. पावसाळ्यात तिथं ऐकलेली दवंडी अजून कानात आहे. चावडीपुढं हलगी वाजायची आणि दवंडीवाला आधी कानडीत ओरडायचा, "होळी बंदैती!" तिकडच्या कानडीत होळी म्हणजे नदी. मग लगेच मराठीत, "नदी आलीया, जनावरं वर काढा!" खालच्या आळीत पोचला की हाच क्रम उलटा, मराठी आधी, कारण तिथली घरं मराठी. तिथंही एका दारापुढं तो थांबून कानडीत पुन्हा सांगायचा. त्या घरात सून होऊन आलेल्या म्हातारीला मराठी कधी आलीच नाही. गावातला एकेक उंबरा त्याला ठाऊक होता. दोन्ही भाषा येणाऱ्यांची त्याला काळजी नव्हती, त्यांना कसंही कळणारच होतं. ज्याला एकच भाषा येते त्याच्यासाठी हलगी दुसऱ्यांदा वाजायची. भर पावसात, दम लागेपर्यंत. एकच भाषा ठरवून द्या, असं तो गावाला कधी म्हणाला नाही.

आमच्या ग्रुपनं याच्या बरोबर उलट केलं. घरात कुणीच बोलत नाही ती भाषा निवडली आणि तिला सर्वांची सोय म्हटलं. सोय झाली ती पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलांची, ज्यांना पाणी बांधाला लागलं की नाही हे रात्री उठून बघायचं नसतं.

ज्यांना इंग्रजी येत नाही ते इंग्रजी अक्षरांत मराठी-कानडी लिहितात. मळा, मला, माळा, माला, चारींना तीच चार अक्षरं. परवा एका कानडी घरातल्या मुलानं त्याच अक्षरांत 'होळी बंदैती' लिहिलं, तर मराठी पोरांनी उत्तरादाखल गुलालाची चित्रं पाठवली. त्या वेळी त्याच्या उसात पाणी शिरत होतं. पुराच्या दिवसांतला निम्मा गोंधळ ही लिपी करते, अशी माझी खात्री आहे.

संस्था म्हटली की एक भाषा लागते, असं मला सांगण्यात आलं. लागते, ठरावाला आणि हिशोबाला. १८९९ मध्ये स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, तिच्यात कानडी घरं आणि मराठी घरं दोन्ही. तिचं मुखपत्र 'प्रगती आणि जिनविजय' मराठीत निघतं आणि घरात कानडी बोलणारी माणसं ते वाचतात, कारण ती मराठी त्यांच्या बाजारातली, शाळेतली आहे. आपल्या कुरुंदवाडच्या अण्णासाहेब लठ्ठ्यांनी शाहू महाराजांचं चरित्र १९२४ साली इंग्रजीत लिहिलं. त्याचा वाचक निराळा होता. सदलग्यात जन्मलेल्या आचार्य विद्यासागरांची मायबोली कानडी, पण उत्तरेत विहार केला आणि 'मूकमाटी' हे महाकाव्य हिंदीत रचलं. ऐकणारा बदलला तशी भाषा बदलली. आमचा ऐकणारा कोण, हे तर नावानिशी माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे ज्यांना तोंडपाठ आहे, ती ही माणसं.

काल रात्री मी नियम मोडला. बोलून दोन निरोप टाकले, मराठीतला माझा आणि कानडीतला आमच्या वहिनींचा. दोन्ही मिळून एक मिनिटसुद्धा झालं नाही. ग्रुप चालवणाऱ्यांनी मला ताकीद दिली. सदलग्याच्या मामांनी लगेच फोन करून गोठ्यातल्या म्हशी हलवल्याचं सांगितलं, आणि पहाटे काकींची मोटर काठावर, ट्रॉलीत होती.