दोष गोगलगायीचा कीं आपला?

‘गोगलगाय नि पोटांत पाय’ ही म्हण आपण वरून साध्या दिसणाऱ्या माणसास लावतों. परंतु पाण्यांतील गोगलगायीच्या पोटांत पायांहून पुष्कळच घातक असें कांहीं असूं शकतें. तें काय, हें बागलाणांतील गुरें पाळणाऱ्या प्रत्येक घरानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

आपला तालुका पाटपाण्यावर पोसला आहे. आरम व मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाणी वांटून घेण्याची फड पद्धति पूर्वजांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं घालून दिली. पुढें आरमेवर केळझर व मोसमेवर हरणबारी हीं धरणें झालीं. पाण्यानें लक्ष्मी आणली, यांत शंका नाहीं. पण संथ पाट, झिरपणारा चर, गवताळ कांठाचें डबकें हींच पाणगोगलगायींचीं आवडतीं घरें होत.

गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या यकृतांत पानासारखा चपटा कृमि राहतो. त्याचीं अंडीं शेणावाटे बाहेर पडतात. तें शेण पाण्यांत गेलें, कीं दोनतीन आठवड्यांत अंड्यांतून डोळ्यांस न दिसणारें पिलूं निघतें. सुमारें एका दिवसांत त्यास योग्य जातीची गोगलगाय सांपडली नाहीं, तर तें मरतें. सांपडली, तर तिच्या शरीरांत एकाचीं शेंकडों पिलें होतात, बाहेर पडतात व पाण्याकांठच्या गवतावर किंवा भाताच्या काडीवर कवच करून बसतात. तोच चारा गुरें खातात. मग जनावर खंगतें, दूध आटतें, जबड्याखालीं सूज येते. आणि घरांत ‘दृष्ट लागली’ म्हणून मिरच्या ओंवाळतात!

हें कोडें सुटण्यास फार काळ लागला. इंग्लंडांत १८७९-८० च्या सुमारास या रोगानें लक्षावधि मेंढ्या मेल्या. नंतर १८८१ ते १८८३ या काळांत ऑक्सफर्डचे थॉमस व लाइप्झिगचे लॉयकार्ट यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, मधला दुवा गोगलगाय हाच असल्याचें दाखवून दिलें.

कोणी म्हणेल, हा सारा परदेशी गोगलगायींचा उपद्रव. शोभेच्या माशांच्या व पाणवनस्पतींच्या व्यापारानें उत्तर अमेरिकेंतील फायझा जगभर पसरली व आपल्या देशांतही आली, हें खरें. पण यकृतकृमीचें ओझें आपल्याकडे मुख्यतः येथलीच लिम्निया वाहते. तथापि गाफील राहूं नये. अमेरिकेंतील स्यूडोसक्सिनिया नांवाची गोगलगाय ऑस्ट्रेलियांत पोहोंचली आणि तेथें या कृमीची वाहक झाली. म्हणून कांचपेटींतील पाणी व वनस्पति नदींत टाकूं नयेत.

दुसरा कोणी मोरचूद टाकून गोगलगायी मारूं म्हणेल. त्यानें मासेही मरतील, आणि कांहीं काळानें गोगलगायी पुन्हा येतील. आमचें म्हणणें निराळें आहे. गोगलगाय हा कृमि घेऊन जन्मत नाहीं. शेण पाण्यांत जाऊं देऊन तो आपणच तिला देतों. सांखळी तोडावयाची ती येथें.

दोन म्हशींच्या धन्यास पाणी वाहून आणणें कष्टाचें आहे, हें आम्ही जाणतों. तरी जमेल तेथें गुरें डबक्यांत न सोडतां हाळांत पाणी भरून पाजावें, शेण उकिरड्यांत चांगलें कुजवावें, पाण्याकांठचें गवत कापून ओलें घालूं नये, आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळेवर औषध द्यावें. औषध जनावराच्या शरीरांतील कृमि मारतें, गवतावरचे नव्हे. म्हणून केवळ औषधावर विसंबणें व्यर्थ होय.

हा धडा गुरांपुरताच नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवीं माणसांच्या मूत्रमार्गास पीडा देणारा, गोगलगायीवाटेच पसरणारा दुसरा एक चपटा कृमि आढळल्याचें १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. तेथेंही माणसाची घाण पाण्यांत जात होती व पाण्यांतून माणसाकडेच परत येत होती.

विद्यार्थिमित्रहो, शाळा सुटल्यावर म्हैस पाण्यावर नेण्याचें काम पुष्कळदां तुमच्याकडेच असतें. आज घरीं जाऊन वडिलांस हें समजावून सांगा, आणि उद्यांपासून म्हैस डबक्याऐवजीं हाळावर न्या. पाण्यांत आपण जें सोडतों, तेंच आपल्या गोठ्यांत परत येतें.