पस्तिशीची अट आणि घरातली बाई

सप्टेंबर २०२२. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात वर्षभरासाठी शिष्यवृत्तीवर गेले. पहिल्याच आठवड्यात ‘ओरिएंटेशन’ होतं. म्हणजे नव्यांना तिथल्या रीतीभाती कळाव्यात म्हणून गप्पा, खेळ आणि एक सहल. बसमध्ये बहुतेक सगळी बावीस-तेविशीची. एका खेळात आपल्याबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली एक खोटी. ती इतरांनी ओळखायची. मी म्हटलं, मला सहा वर्षांची मुलगी आहे, आमचं गाव पाण्याखाली आहे आणि मला पोहता येतं. सगळ्यांनी गावच खोटं ठरवलं. खोटं होतं ते पोहणं. कोयनेच्या काठावर वाढलेल्या आम्हा मुलींना पाण्यात उतरू कोण देतंय?

सहल गेली डर्बीशरमधल्या लेडीबोवर धरणावर. १९३५ ते ४३ या काळात बांधलेल्या या धरणात डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं बुडाली. त्या वर्षी अवर्षणानं पाणी खाली गेलेलं, चिखलातून डरवेंटच्या घरांचे दगड वर आलेले. मार्गदर्शकानं सगळं सांगितलं. युद्धाच्या काळात वैमानिकांनी या खोऱ्यात सराव कसा केला, चर्चचा मनोरा १९४७ साली कसा पाडला, कबरींतल्या अस्थी बॅमफर्डला नेऊन कशा पुरल्या. मुलं फोटो काढत होती. मी विचारलं, माणसं कुठं गेली? धरणाखाली यॉर्कशर ब्रिजला त्यांच्यासाठी घरं बांधली, असं उत्तर मिळालं.

मला आजी आठवली. शिवसागरात शंभराच्या आसपास गावं गेली. आमची माणसं साताऱ्या-सांगलीपासून ठाणे-रायगडापर्यंत पांगली. पुनर्वसनाचा कायदा आला तो १९७६ साली, आणि २०१८ सालीसुद्धा प्रकल्पग्रस्त कोयनानगरला ठिय्या मांडून बसलेच होते. आजीला कुणी कधी विचारलं नाही की बाई, तुला कुठं जायचंय. बावीस वर्षांची असते तर मीही फोटो काढून बसमध्ये जाऊन बसले असते. दहा-बारा वर्षं वस्त्यांवर काम केल्यावरच तो प्रश्न तोंडात आला.

आता मुद्द्याचं. मैत्रिणींनो, या वयात बाई परदेशी शिकायला जाते तेव्हा ते कुणाच्या जिवावर? मी निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तू जा गं. पोरीला मी बघती की.” गुडघे दुखत असताना त्यांनी वर्षभर माझ्या मुलीचे डबे केले, तिला शाळेत सोडलं. शिष्यवृत्तीच्या कागदांवर त्यांचं नाव कुठंच नाही. तिकीट, फी, राहणं सगळं मिळालं; मुलीसाठी एक पैसाही नाही. एका बाईची सुटका दुसऱ्या बाईच्या फुकट कष्टांवर झाली, हे मला लपवायचं नाही.

हे जुनंच आहे. बाबासाहेब १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेले, त्यात शाहू महाराजांचा हात होता हे आपण अभिमानानं सांगतो. त्या काळात मुंबईत संसार ओढला तो रमाबाईंनी. आणि १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा लहानग्या मनोरमेला कडेवर घेऊनच गेल्या.

माझ्या शिष्यवृत्तीला वयाची अट नव्हती म्हणून मी गेले. पण सरकारी योजना पाहा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी पस्तिशीपर्यंत, पीएचडीसाठी चाळिशीपर्यंत. केंद्राच्या योजनेलाही पस्तिशीचीच मर्यादा. दोन्हींत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा आहेत, हे चांगलंच. पण विशी-तिशीत बाईचं लग्न, बाळंतपण, सासर. मूल शाळेत जाऊ लागलं, हात जरा मोकळा झाला, की दार बंद. ही अट कुणाचं आयुष्य समोर ठेवून घातली आहे ते उघड आहे. त्यात केंद्रानं २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातल्या सामाजिक प्रश्नांवरचे विषयच योजनेतून वगळले. म्हणजे कोयनेच्या विस्थापितांवर अभ्यास करायचा म्हटलं तर वय बसूनही उपयोग नाही. दलित, भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलींनी परदेशात शिकावं, पण आपल्या गावाबद्दल बोलू नये, असाच त्याचा अर्थ मी घेते. कुणाला वेगळा वाटत असेल तर जरूर लिहावं.

आपण आरक्षणाच्या टक्क्यांवर भांडतो; वयाच्या रकान्यावर फारसं कुणी बोलत नाही. बाळंतपणाची नि संगोपनाची वर्षं वयातून वजा करावीत आणि मुलाच्या खर्चाचा वेगळा भत्ता द्यावा, या दोन मागण्या संघटनांनी निवेदनात घालाव्यात असं मला वाटतं. वजाबाकीनं लबाडी होईल असं एका बैठकीत कुणी म्हणालं. होऊ दे थोडी. मुलाचा जन्मदाखला तर खोटा नसतो ना!

परत आल्यावर आमच्या गटातल्या एका दलित कार्यकर्तीनं अर्ज भरायला घेतला. दोन मुलं, बाहेरून केलेलं बी. ए., पाठीशी चौदा वर्षांचं काम. जन्मतारीख लिहिताना ती थांबली आणि म्हणाली, “ताई, सदतीस पूर्ण. खोडू का पुढं भरू?” मी म्हटलं, भर, आणि सोबत आपलं पत्र जोडू. ते पत्र आम्ही गेल्या आठवड्यात पाठवलं.